हेअर ट्रान्सप्लांट केलंय? बडोदेकरांनो, आपापला अनुभव लिहा

गेल्या डिसेंबरात, वयाच्या ३८ व्या वर्षी, मी हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. तेव्हापासून दांडिया बाजारात कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "दुखतं का हो?" ज्यांनी केलं, जे ऐनवेळी थांबले, ज्यांचं बिघडलं, सगळ्यांनी लिहा. क्लिनिकची नावं नकोत. सुरुवात मी करतो.

डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत, आणि पुढे नेऊन लावले तरी तो गुण टिकवून ठेवतात. माझे २,२०० ग्राफ्ट (मुळांसकट केसांचे पुंजके) एफयूई पद्धतीनं, म्हणजे जेमतेम १ मिलिमीटरच्या पोकळ पंचनं एकेक करून काढले. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात. अगदी पुढच्या ओळीला डॉक्टरांनी फक्त एकेरी लावले, तेही वेडेवाकडे. का, विचारलं तर आरसा देऊन माझीच कानशिलं दाखवली: तिथे केस बारीक, सुटे, आणि ओळ कुठेच सरळ नाही.

दुखलं ते भुलीच्या सुयांपुरतं. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली, आई घाबरली. आठवडाभर दोन-तीन उशा लावून बसल्यासारखा झोपलो. उत्तरायणाला गच्चीवर पेच रंगलेले आणि मी ऊन चुकवत जिन्याच्या दारात फिरकी धरून उभा. त्याच आठवड्यात लावलेले केस उशीवर दिसायला लागले. केस गळतात, मुळं आत राहतात, हे आधी सांगितलेलं होतं. तरी त्या सकाळी पोटात गोळा आला. चौथ्या महिन्यात बोटांना खरखर लागली. यंदा गरब्यात घामानं केस कपाळाला चिकटले, ते मागे सारताना क्षणभर थांबलोच.

मांजलपूरहून
माझं बिघडलं. २४ व्या वर्षी, स्वस्तात केलं. डॉक्टर आले, पेननं रेघ मारली आणि गेले. पुढचं सगळं दोन मुलांनी केलं. रेघही शाळकरी पोरासारखी खाली. सहा वर्षांत तिच्या मागचे माझे मूळचे केस गेले. आता पुढे पट्टा, मध्ये मोकळं रान. दुरुस्ती करायची तर मागे शिल्लकही फारशी नाही, इतकं ओरबाडून काढलंय. मूळचे केस टिकवायला औषध लागतं, हे मला कुणी सांगितलंच नाही.

धागाकर्ता
दादा, वाचून फार वाईट वाटलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही प्रशिक्षित डॉक्टरांनीच हे करावं असं स्पष्ट केलंय. तेव्हा जाणाऱ्यांनी आधी एवढं तरी विचारा: छेद कोण देणार, आणि मागे किती ग्राफ्ट उरणार?

कारेलीबागहून
माझा भांग रुंदावत चालला होता. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि ट्रान्सप्लांटला चक्क नाही म्हणाल्या. मागचेही केस विरळ होते, मग घ्यायचे कुठून? रक्त तपासलं तर लोह कमी, थायरॉइडही बिघडलेलं. गोळ्या आणि मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध सुरू आहे. गळणं थांबलंय, भांग अजून तेवढाच आहे.

रावपुऱ्यातून
मामांनी जुन्या पट्टी पद्धतीनं, म्हणजे मागच्या त्वचेची पट्टीच कापून, केलंय. केस छान आलेत, पण मागे या कानापासून त्या कानापर्यंत व्रण आहे. त्यामुळे न्हाव्याला आजही सांगावं लागतं, मागून मशीन नको.

अकोट्याहून
माझं लग्न फेब्रुवारीत आहे. आता ऑक्टोबरात करून घेऊ का?

धागाकर्ता
नको रे. फेब्रुवारीत नवे केस जेमतेम डोकं वर काढत असतील. खरं रूप यायला ९ ते १२ महिने लागतात, टाळूवर त्याहून जास्त. फोटोंत कदाचित आजच्यापेक्षा विरळ दिसशील. लग्न होऊ दे, मग निवांत दोन डॉक्टरांना दाखव. आणि मुलीला आधीच सांग. माझ्या बायकोनं पहिले दहा दिवस स्प्रेनं डोकं भिजवून एकेक खपली सोडवली होती.