बीपीच्या गोळीमुळे पायाला गाठी येतात का?

आई ६८ वर्षांची आहे, बीपी जुनं, मध्ये डॉक्टरांनी टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी दिली आणि तेव्हापासून पायाचा अंगठा अधूनमधून लालभडक सुजतो, रात्री चादरीचा स्पर्शपण सहन होत नाही तिला, आणि आता सांध्याजवळ टणक गाठी दिसतायत. गोळी बंद करू का? फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद १
ताई, स्वतःहून बंद नका करू, बीपी वर गेलं तर ते जास्त वाईट. पण शंका बरोबर आहे तुमची. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवी वाढवतं पण किडनीतून युरिक ऍसिड कमी बाहेर पडतं, रक्तात ते साधारण ६.८ mg/dL च्या वर गेलं की त्याचे खडे सांध्यात बसू शकतात, तोच गाउट. गाठी मात्र सहसा बऱ्याच वर्षांनी येतात, त्यामुळे युरिक ऍसिड आधीपासूनच वाढलेलं असू शकतं.

प्रतिसाद २
युरिक ऍसिड तपासाच, पण सूज असताना रिपोर्ट नॉर्मलपण येतो, मग दुखणं गेल्यावर दोनतीन आठवड्यांनी परत करायचं. रोजची ॲस्पिरिन ७५ चालू आहे का? तीपण थोडं वाढवते, हृदयासाठी असेल तर थांबवू नका, डॉक्टरांना फक्त सांगा.

प्रतिसाद ३
टेल्मिसार्टनऐवजी लोसार्टन चालेल का विचारा, ते बीपीपण सांभाळतं आणि युरिक ऍसिड थोडं उतरवतं. आणि ताप असेल किंवा गाठ फुटून पांढरं काही येत असेल तर आजच दाखवा, इन्फेक्शन असू शकतं.

ताई
ॲस्पिरिन आहे हो! ताप नाहीये. उद्याच सगळ्या गोळ्या घेऊन जाते.