जमिनीच्या आत ऊन पोचत नाही, मग दगडाचे पापुद्रे सुटतात कसे?

खडूफळा
मी नववीला भूगोल शिकवते. विदारणाच्या, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्या-कुजण्याच्या धड्यात कायिक (दगड नुसता फुटतो) आणि रासायनिक (दगडातला पदार्थच बदलतो) असे वेगवेगळे मथळे आहेत, मुलं ते तसेच पाठ करतात. काल एका मुलाने, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथल्या भिंतीतून निघालेला एक गोल दगड आणला, नारळाएवढा. हातोडीने फोडला. बाहेर एकावर एक पापुद्रे, मग पेराएवढी जाड पिवळट-तपकिरी साल आणि आत निळसर काळा, टणक गाभा. मुलगा म्हणाला, "बाई, पापुद्रे सुटलेत म्हणजे कायिक ना? मग रंग का बदलला?" दगड दिवसा तापतो, रात्री निवतो, म्हणून पापुद्रे सुटतात असं मी आजवर सांगत आले. पण हा तर दोन पुरुष खोल मातीत होता. मला उत्तर देता आलं नाही.

रानवाट
याला अपपर्णन म्हणतात. तापमानातल्या फरकामुळेच होतं, आम्हीही असंच शिकलो. डोंगर कापल्यावर ऊन लागलं असेल.

कोअरपेटी
रानवाट, कापल्यानंतरच्या दोन-चार वर्षांत पेरभर जाडीची साल तयार होत नाही. मॅडम, तुमच्या मुलाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पूल आणि धरणांच्या पायासाठी बोअर घेतात, त्यातून निघणारे खडकाचे नमुने तपासणं हे माझं बावीस वर्षांचं काम. असा दगड मी रोज बघतो.

हा दगड मुळात गोल नव्हता. तो लाव्ह्यापासून झालेला खडक. लाव्हा थंड होताना आकसतो आणि खडकाला उभे-आडवे सांधे पडतात, म्हणजे सगळा खडक ठोकळ्या-ठोकळ्यांचा होतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि या सांध्यांतून खाली उतरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकाच दिशेने काम करतं, कडेवर दोन दिशांनी, कोपऱ्यावर तीन. त्यामुळे कोपरे आधी जातात आणि चौकोनी ठोकळा आतल्या आत गोल होत जातो.

आता पापुद्रा. खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची या पाण्यामुळे चिकणमाती होते, लोहयुक्त खनिजं गंजतात (तुमचा पिवळट रंग हाच). नवी खनिजं जास्त जागा मागतात. बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो, मधे ताण येऊन थर सुटतो. म्हणजे तडकणं कायिक, पण तडकवणारी क्रिया रासायनिक. दोन मथळ्यांत हा दगड बसत नाही, आणि खरं सांगायचं तर मी पाहिलेला जवळजवळ कुठलाच खडक बसत नाही.

उन्हाबद्दलचा एक जुना प्रयोग मुलांना जरूर सांगा. 1936 साली ग्रिग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने ग्रॅनाइटचा तुकडा 89,400 वेळा तापवला आणि कोरड्या हवेने थंड केला. दिवसाला एक फेरी धरली तर ही 244 वर्षं झाली. दगडाला काही झालं नाही. मग थंड करायला पाणी वापरलं, आणि त्यामानाने फार थोड्या फेऱ्यांत भेगा दिसू लागल्या.

उलट बाजूही तेवढीच खरी. भेग नसेल तर पाणी आत जाणार कुठून? एक मीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस मीटर. तोच दहा सेंटिमीटरच्या घनांत फुटला तर 60. खडक तेवढाच, पण पाण्याला काम करायला दहापट जागा. थंड प्रदेशात हे फोडायचं काम बर्फ करतो, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं.

खडूफळा
म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं? ऊन काहीच करत नाही?

कोअरपेटी
तसं नाही. ग्रिग्जचा तुकडा लहान आणि मोकळा होता, डोंगरातला खडक चारी बाजूंनी आवळलेला असतो. अमेरिकेतल्या योसेमिटीत कड्यापासून सुटत आलेल्या ग्रॅनाइटच्या एका जाड पत्र्यावर काही वर्षं मोजमाप केलं, ते 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. दिवसाच्या उन्हाने त्यामागची फट सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत उघडते-मिटते. म्हणजे खडक हलवायला ऊन पुरतं. फक्त तुमच्या दगडाचा कारागीर ते नव्हे.

वर्गात एक करून बघा. सालीवर तोंडाची वाफ सोडून लगेच वास घ्या, ओल्या मातीचा येईल. ती माती झालीच आहे. ताज्या गाभ्यावर वाफ सोडा, तसा वास येणार नाही. मग खिळ्याने दोन्ही ओरखडा.

खडूफळा
आज वर्गात केलं. सालीवर खिळा सहज रुतला, गाभ्यावर नुसती चकचकीत रेघ उठली, ती खिळ्याच्याच लोखंडाची. वास शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी घेतला. मुलाने आज त्याच भिंतीचा फोटो आणलाय. त्यात तपकिरी रेघांची चौकट स्पष्ट दिसते, प्रत्येक चौकोनात एक गोल दगड, आणि एका रेघेतून झाडाचं मूळ खाली उतरलंय. एका गोट्याचा एक कोपरा अजून शाबूत आहे. तो दगड आणायला तो उद्या पुन्हा जाणार म्हणतोय. भिंतीतून उपसू नकोस, खाली पडलेला असेल तरच आण, असं बजावलंय.