अनुभव धागा: आश्रमशाळेतल्या मुलांची तब्येत आणि तंदुरुस्ती

आश्रमशाळा आणि वसतिगृहांत काम करणाऱ्यांसाठी हा धागा. सकस आहार आणि रोज व्यायाम हवा, हे सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्षात कुठे अडतं आणि कशाने सुटतं, ते मापासकट लिहा.

अधीक्षिका, मुलींचं वसतिगृह

खरजेपासून सुरुवात करते. रात्रभर खाजवणारी मुलगी सकाळी पळणार कशी? औषध साधंच आहे, ५ टक्के परमेथ्रिनचं मलम. बिघडतं ते लावण्यात. फक्त जिथे खाज आहे तिथे लावून चालत नाही. मानेखाली पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे लावायचं. बोटांच्या बेचक्या, काखा, बेंबी, कंबरेचा नाडीचा भाग आणि कापलेल्या नखांखालीही. रात्री लावून ८ ते १४ तासांनी अंघोळ. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा. मोठ्या मुलीला ३० ग्रॅमची ट्यूब लागते, त्यामुळे मागणी पटसंख्येवरून करा, दिसणाऱ्या रुग्णांवरून नको. कारण अख्ख्या खोलीला, खाज असो नसो, एकाच रात्री लावावं लागतं. सुटलेल्या दोघी पुन्हा सगळ्यांना देतात. सात दिवसांनी दुसरा हात. कपडे, चादरी त्याच सकाळी गरम पाण्यात. ब्लँकेट धुता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून किमान तीन दिवस ठेवा.

किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. ती पाहून रोज मलम चोपडू नका, कातडी सोलते.

क्रीडाशिक्षक

पीटीचा घोळ बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असतो. रात्रीचं जेवण साडेसहाला उरकतं, नाश्ता साडेआठला. चौदा तास रिकामं पोट आणि मध्येच सहाला पळापळ! मग परिपाठाला रांगेत मुलं चक्कर येऊन पडतात आणि आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांत दमच नाही. जेवण साडेसातला न्या, पीटीआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. जोराचं पळणं संध्याकाळी, सकाळी हलका व्यायाम.

दुसरं म्हणजे, खो-खो घेतला की सगळे खेळले असं समजू नका. आठ जण पाटीवर बसलेले, पळणारे एका वेळी चौघंच: एक आक्रमक आणि तीन संरक्षक. पन्नास मुलांत उरलेली कडेला ओरडत बसतात. त्यापेक्षा चार गट पाडून दर पंधरा मिनिटांनी फिरवा: दोरीउड्या, लंगडी, खो-खो, सूर्यनमस्कार. तासाभरात सगळ्यांना घाम येतो.

६०० मीटर धावण्याची वेळ जूनमध्ये नोंदवा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा, त्याच मैदानावर. वजनही त्याच काट्यावर. मुलींची उंची घेताना वेणी डोक्यावर बांधलेली नको, दोन सेंटीमीटर फुकट वाढतात.

आरोग्यसेविका

सरांना एक विनंती. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांची यादी कार्यालयाच्या कपाटात नको, मैदानावर तुमच्या खिशात हवी. सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताची प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून मूल वाहक (एएस) की रुग्ण (एसएस) हे कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की तपासणी लागतेच. वाहक मुलं सगळ्यांसारखी खेळतात, फक्त उन्हात पाणी कमी पडू देऊ नका. रुग्ण मुलांना खेळातून काढू नका, पण शर्यत नको. हवं तेव्हा थांबायची मुभा द्या, बाटली जवळ ठेवा, थंडीत गार पाण्याची अंघोळ टाळा. हातपाय दुखतात म्हणाला तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

लोहाची निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह) आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, दुपारच्या जेवणानंतर, समोर उभं राहून. उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या गोळ्या खिडकीबाहेर सापडतात. शौचाला काळं होतं, हे आधीच सांगा. लगेच चहा नको, लिंबू चालेल. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पाणी बघणारे शिपाई

टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) कोरडी टाकीत फेकू नका. बादलीत कालवून निवळी तेवढी ओता, ३० मिनिटं थांबा, मग ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का, ते रंगावरून बघायची). पिवळा रंग शेवटच्या नळाला यायला हवा, टाकीजवळ येऊन उपयोग नाही. गोणीचं तोंड उघडं राहिलं तर पावडरीतला क्लोरीन उडतो आणि माप बरोबर असूनही रंग येत नाही.

रात्रपाळीचे अधीक्षक

व्यायामाचा विषय नाही, तरी लिहितो. जमिनीवर झोपणाऱ्या मुलांना मण्यार चावते ती रात्री, झोपेत. दुखत नाही, सूज नाही, दातांची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणतं, घसा आवळतो, पापण्या मिटू लागतात. पावसाळ्यात ही तक्रार अपचन समजून ओवा देत बसू नका. १०८ लावा आणि फोनवरच प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय विचारा. खाटा मिळेपर्यंत मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्या, आणि धान्याची पोती झोपायच्या खोलीत ठेवू नका. उंदीर तिथे आले की मागोमाग साप येतो.