१०३१ एक्स्चेंज: टॅक्स टाळायला पुन्हा भाडेकरू सांभाळायचे?

एडिसनकर:
२००९ मध्ये बाजार पडलेला असताना इथे न्यू जर्सीत २ लाख १० हजार डॉलरला डुप्लेक्स घेतलं. आता ५ लाख २० हजारांचं गिऱ्हाईक आलंय. भाड्याने दिल्यापासून १५ वर्षं दरसाल सहा हजार डेप्रिसिएशन (घराच्या झिजेची करातली वजावट) घेतलं, म्हणजे ९० हजार. विकलं की त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर, वरच्या ३ लाख १० हजारांवर १५ टक्के. फेडरलचेच ६९ हजारांच्या घरात, गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्केवाला आणि राज्याचा वेगळा.

जो तो सांगतो, १०३१ एक्स्चेंज करून टाक (अमेरिकी कर कायद्याचं कलम १०३१, विक्रीचे पैसे दुसऱ्या गुंतवणुकीच्या प्रॉपर्टीत घातले की कर पुढे ढकलला जातो), दुसरी प्रॉपर्टी घे, आज एक डॉलर भरू नकोस. मी म्हणतो, भरतो आणि सुटतो. जानेवारीत रात्री दोनला भाडेकरूचा फोन, बेसमेंटमध्ये पाणी. बर्फातून टॉर्च घेऊन मी हजर. वय ५९. आणि कर माफ कुठे होतोय? बेसिस, म्हणजे नफा मोजायची मूळ किंमत, जुनाच राहतो, बोजा नव्या घरावर.

प्लानोची वैनी:
दादा, हे सरकारने दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे! ६९ हजार आयआरएसऐवजी (अमेरिकेचं कर खातं) तुमच्याकडे राबतील. आणि शेवटपर्यंत बदलत राहिलात तर मुलांना स्टेप-अप मिळतो. बाजारभाव हाच त्यांचा बेसिस, ढकललेला कर तिथेच संपला.

एडिसनकर:
म्हणजे फायदा व्हायला मी मरायला हवं. छान.

बे एरिया बंड्या:
वैनी, राबतील खरे, पण कुठे? आम्ही २०२४ ला केलं. जुन्या घराचं क्लोजिंग, म्हणजे विक्री पूर्ण, गणपतीत, नवी प्रॉपर्टी ४५ दिवसांत लिहून द्यायची, म्हणजे दिवाळीच्या आत. शनिवार-रविवार धरून. तीन नावं दिली. दोन दुसऱ्यांनी उचलली, तिसरीच्या फाउंडेशनला बोट जाईल एवढी भेग. मुदत संपलेली, नाव बदलता येईना. घेतली झालं! वाचलेला कर काँक्रीटमध्ये ओतला. वर टेक्सासात घेतली म्हणून कॅलिफोर्नियाला दरवर्षी ढकललेल्या कराचा हिशोब देणारा ३८४० नंबरचा फॉर्म भरतोय.

प्लानोची वैनी:
आधी शोधायचं, मग विकायचं. आमचं दोनदा झालंय, नाव द्यायची ४५ दिवसांची आणि खरेदी पुरी करायची १८० दिवसांची, दोन्ही मुदतींत. दोष कलमाला कशाला?

परतीच्या वाटेवर:
याच पैशात पुण्यात फ्लॅट घेतला तर चालतं का?

बे एरिया बंड्या:
नाही. अमेरिकेतल्या प्रॉपर्टीच्या बदल्यात अमेरिकेतलीच हवी. आपल्याकडच्या १९६१ च्या आयकर कायद्यातलं, घर विकून घर घेतल्यावर सवलत देणारं कलम ५४ वेगळं, ते भारतात घर घेण्यासाठी आणि भारतीय करापुरतं. आणि एडिसनकर, विक्रीचे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, मध्यस्थाकडे पडून असतात. २००८ मध्ये लँडअमेरिकाची १०३१ कंपनी बुडाली तेव्हा लोकांचे पैसे त्यात अडकले होते. मध्यस्थ नीट बघा.

एडिसनकर:
एक लाख रोख काढून उरलेल्याचं एक्स्चेंज केलं तर?

प्लानोची वैनी:
एक्स्चेंजमधून काढलेल्या अशा रोख रकमेला 'बूट' म्हणतात. त्या अख्ख्या लाखावर कर, आधी नफाच मोजतात, मुद्दल नाही. त्यापेक्षा डीएसटी, म्हणजे मोठ्या प्रॉपर्टीत हिस्सा देणारा ट्रस्ट, बघा. भाडेकरू कंपनीचे, फोनही त्यांनाच.

एडिसनकर:
बघितलं. वरची फी दणकून आणि पैसे वर्षानुवर्षं अडकलेले. बायको तर कॅलेंडर पुढ्यात ठेवून ४५ दिवस मोजतेय. त्यात भाचीचं लग्न येतंय. गिऱ्हाईकाला शुक्रवारी उत्तर द्यायचंय. अजून तरी कर भरायच्याच बाजूने आहे.

प्लानोची वैनी:
मध्यस्थाशी करार क्लोजिंगच्या आधीच व्हायला लागतो, तेवढं लक्षात ठेवा. नंतर फोन करू नका.