सेंट अँड्र्यूजला चाललोय, पण गोल्फ एकालाच येतो

ए-३०२ दादा: मंडळी, जूनमध्ये स्कॉटलंडला चाललोय. एडिंबरा ठरलंय. पण धाकट्या भावाला गोल्फचा नाद, त्यामुळं तो म्हणतोय सेंट अँड्र्यूजला तीन रात्री पाहिजेतच. आम्हा बाकीच्यांना, आईसकट, त्या काठीला काय म्हणतात तेही माहीत नाही. तो चार-पाच तास खेळणार, तोवर आम्ही काय करायचं? बी-१०४ ताई, तुमची लेक तिथंच शिकली ना?

डी-२०१ काका: कडेला बसून टाळ्या वाजवायच्या 😄

ए-३०२ दादा: काका, तुम्ही पण चला की मग टाळ्या वाजवायला.

बी-१०४ ताई: होय, तिथंच शिकली. आम्ही पदवीदानाला गेलो होतो, आमच्यातही कुणाला गोल्फ येत नाही. पण काही अडलं नाही. युनिव्हर्सिटी १४१३ सालची आहे, स्कॉटलंडमधली सगळ्यात जुनी. गाव एवढंसं, सगळीकडं पायीच जाता येत होतं. दादा, एक काम करा, मुक्कामात रविवार येईल असं बुकिंग करा.

ए-३०२ दादा: रविवारी काय असतं?

बी-१०४ ताई: ओल्ड कोर्स म्हणजे तिथलं गोल्फचं मैदान, ते रविवारी खेळायला बंद. मोठी स्पर्धा असेल तेवढाच अपवाद. मग सगळं गाव तिथं फिरायला येतं. कुत्री, बाबागाड्या, म्हातारी माणसं, कुणीही. स्विल्कन ब्रिज म्हणून एक दगडी पूल आहे, जिथं मोठमोठे खेळाडू उभं राहून फोटो काढतात. पूल म्हणजे आपल्या ओढ्यावरच्या साकवाएवढा. त्यावर तुमच्या आई उभ्या राहिल्या तरी कोणी हटकणार नाही.

डी-२०१ काका: आँ? जगातलं एवढं नावाजलेलं मैदान आणि वॉचमन नाही?

बी-१०४ ताई: काका, कारण ते मैदान मुळात गावाचं गायरान आहे. क्लबचं नाही. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपनं, म्हणजे बड्या धर्मगुरूनं, त्या जमिनीवर ससे पाळायची परवानगी गावाकडून घेतली आणि बदल्यात गोल्फ, फुटबॉल खेळायचा गावाचा हक्क कागदावर मान्य केला. पुढं १७९७ मध्ये गावावर कर्ज झालं आणि ती जमीन सशांच्या व्यापाऱ्यांना विकली. मग वीस-पंचवीस वर्षं खेळणारे आणि ससेवाले यांच्यात भांडणं, कोर्टकचेऱ्या. १८२१ मध्ये एका जमीनदारानं जागा विकत घेतली तेव्हा गोल्फ वाचला. आता १९७४ पासून ट्रस्ट बघतं, पण जागा सार्वजनिकच.

डी-२०१ काका: म्हंजे गायरानावरनं भांडण तिकडं पण चुकलं नाही. लई भारी.

सी-४०३ वहिनी: टँकर आलाय. गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे, ताबडतोब काढा.

ए-३०२ दादा: वहिनी, आमचीच. पाठवतो मुलाला.

ए-३०२ दादा: ताई, मुलांसाठी काय आहे? मोठा सातवीत, धाकटी चौथीत. अवशेष बघायचे म्हटलं की दोघं तोंडं वाकडी करतात.

बी-१०४ ताई: मग आधी किल्ला. समुद्राला लागून आहे, बराचसा ढासळलेला. पण आत खडकात खोदलेली एक अंधारकोठडी आहे, बाटलीसारखी. वर चिंचोळं तोंड, खाली पोट. टाकलेला माणूस स्वतःहून वर येणं शक्य नाही. आणि खरी गंमत भुयारांची. १५४६ मध्ये कार्डिनल बीटन या बड्या धर्मगुरूचा किल्ल्यातच खून झाला आणि मारेकरी किल्ला धरून बसले. वेढा घालणाऱ्यांनी भिंत उडवायला बाहेरून भुयार खणायला घेतलं. आतल्यांना खणण्याचे आवाज येत होते, पण नक्की कुठून ते कळेना. त्यांनी आतून उलटं भुयार खणलं, दोन-तीनदा दिशा चुकली, शेवटी बरोबर त्यांच्या भुयारात जाऊन पडले. दोन्ही भुयारं अजून आहेत. बाहेरच्यांचं ऐसपैस, आतल्यांचं वाकडंतिकडं आणि इतकं बुटकं की मी कंबरेत वाकून गेले. मुलं पळत जातील. आईंना मात्र वरच बसवा, खाली ओल असते.

डी-२०१ काका: मग वेढा उठला का?

बी-१०४ ताई: नाही. १५४७ मध्ये फ्रेंच आरमार आलं, त्यांनी गावातल्या चर्चच्या मनोऱ्यांवर तोफा चढवल्या आणि किल्ला पडला.

डी-२०१ काका: आमच्या पन्हाळ्यावर १६६० मध्ये सिद्दी जौहरनं राजापूरच्या इंग्रजांच्या तोफा आणल्या होत्या. महाराज तरी निसटले. पोरांना जायच्या आधी पन्हाळा दाखवून आण भावा, मग तिकडचं नीट कळंल.

ए-३०२ दादा: बरोबर. येत्या रविवारीच जातो.

बी-१०४ ताई: कॅथेड्रल, म्हणजे तिथलं जुनं मोठं चर्च, किल्ल्यापासून पाच मिनिटांवर. ११५८ ला काम सुरू झालं आणि १३१८ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्यासमोर चर्चची प्रतिष्ठापना झाली, म्हणजे दीडशे वर्षांच्या वर बांधकामच चाललं होतं. लांबी जवळजवळ १२० मीटर. १५५९ मध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मसुधारणेत मोडतोड झाली, पुढं गावकऱ्यांनी दगड घरांना नेले. आता दोन टोकांच्या भिंती उभ्या आहेत, मध्ये गवत. आवारात ३३ मीटरचा मनोरा आहे, चढायला मिळतो का ते आदल्या दिवशी बघून घ्या, कधी कधी बंद ठेवतात. तिथल्याच स्मशानात टॉम मॉरिस या नावाच्या गोल्फपटू बापलेकांची थडगी आहेत. लेकानं गोल्फची ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली आणि १८७५ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला. तुमच्या भावाला तिथं न्याच.

ए-३०२ दादा: आईचं काय पण? ती विचारतेय, मला नुसतं चालायलाच लावणार का.

बी-१०४ ताई: आईंना हिमालयात न्या.

ए-३०२ दादा: 🤔

बी-१०४ ताई: ‘हिमालय’ म्हणजे तिथलं पटिंगचं मैदान. उंचवट्या-खळग्यांचं, म्हणून हे नाव. १८६७ मध्ये बायकांच्या क्लबसाठी केलं, कारण बाईनं खांद्याच्या वर काठी उचलणं तेव्हा अशोभनीय समजत! आता थोडे पैसे भरून कोणालाही खेळता येतं. चेंडू नुसता हळूच ढकलायचा. माझ्या सासूबाईंनी जावयाला हरवलं.

सी-४०३ वहिनी: खाण्याचं सांगा हो. काकू शाकाहारी आहेत ना?

बी-१०४ ताई: हो, हे महत्त्वाचं. बटाट्याचे चिप्स घेताना विचारा. तिकडं काही दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात. जॅनेटाज म्हणून आइस्क्रीमचं दुकान आहे १९०८ पासूनचं, फिशर अँड डोनाल्डसनचा फज डोनट पण खा. थालीपिठाचं पीठ मात्र बरोबर ठेवाच. आणि स्वेटर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून फसू नका, वारा बोचतो.

ए-३०२ दादा: एडिंबऱ्याहून गाडी करू का?

बी-१०४ ताई: कशाला? रेल्वेनं जवळच्या लूकर्स स्टेशनला तासाभरात, पुढं बस. सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्टेशन १९६९ मध्येच बंद पडलं. वाटेत १८९० चा फोर्थ ब्रिज हा रेल्वेपूल लागतो, खिडकी धरून बसा.

ए-३०२ दादा: ठरलं मग. शनिवारी पोचतो. भाऊ म्हणतोय ओल्ड कोर्सवर खेळायच्या सोडतीत (बॅलट) नंबर लागला नाही तर तोही येतो हिमालयावर.

डी-२०१ काका: येऊ दे की. आईसंगं लाव त्याची मॅच, हरला तर परत आल्यावर पांढरा रस्सा त्याच्याकडनं.

सी-४०३ वहिनी: पांढरी गाडी अजून तिथंच आहे दादा.