मेंदूच्या छेदातील थर ओळखताना ग्राफ न्यूरल नेटवर्कवर किती विसंबावे?

प्रश्न
मानवी मेंदूच्या डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे (कपाळामागील, थराथरांच्या बाह्यकाचे) व्हिजियम तंत्राने, म्हणजे छेदावरील प्रत्येक ठिपक्यात जनुकीय अभिव्यक्ती मोजून, मिळवलेले १२ छेद खुले उपलब्ध आहेत आणि मी त्यांवर काम करत आहे. केवळ जनुकीय अभिव्यक्तीवरून पाडलेले गट छेदभर विखुरतात. याउलट प्रत्येक ठिपका त्याच्या सहा शेजाऱ्यांशी जोडून ग्राफ अटेन्शन ऑटोएन्कोडर (कोणत्या शेजाऱ्याला किती वजन द्यायचे हे स्वतः शिकणारे न्यूरल नेटवर्क) चालवला, की सुबक पट्टे उमटतात आणि तज्ज्ञांनी हाताने आखलेल्या थरांशी जुळणीही वाढते. हे पट्टे खरोखर ऊतीत आहेत की ग्राफने ते घडवले आहेत, हे कसे तपासावे?

उत्तर १
तुमची शंका रास्त आहे. नेटवर्कचा प्रत्येक स्तर शेजाऱ्यांची माहिती ठिपक्यात मिसळतो. व्हिजियमचे ठिपके ५५ मायक्रोमीटर व्यासाचे असून त्यांच्या केंद्रांमध्ये १०० मायक्रोमीटर अंतर असते. म्हणजे दोनच स्तरांत सुमारे २०० मायक्रोमीटरपर्यंतचा परिसर एकत्र येतो आणि चौथ्यासारखा अरुंद थर शेजारच्या थरांत विरघळू शकतो.

दोन चाचण्या अवश्य कराव्यात. पहिली अशी, की जोडण्या तशाच ठेवून अभिव्यक्तीच्या नोंदी ठिपक्यांमध्ये यदृच्छया अदलाबदल कराव्यात; तरीही सलग ठिगळे उमटली, तर ती ग्राफचीच देणगी होय. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते, पण ती क्वचितच केली जाते: नेटवर्क न वापरता शेजाऱ्यांची साधी सरासरी घ्यावी, मुख्य घटक (अभिव्यक्तीतील बहुतांश फरक टिपणारी मोजकी मापे) काढावेत आणि गट पाडावेत. एवढ्यानेच तितकीच जुळणी मिळाली, तर अटेन्शनचे श्रेय सिद्ध होत नाही.

उत्तर २
जुळणीच्या आकड्याबाबत एक सावधगिरी सुचवतो. हे १२ छेद केवळ ३ व्यक्तींचे आहेत आणि प्रत्येकीच्या ४ छेदांत अवघ्या १० मायक्रोमीटर अंतरावरील जोड्या आहेत. त्यामुळे एका छेदावर मापदंड ठरवून लगतच्या छेदावर तपासणे ही स्वतंत्र परीक्षा ठरत नाही. एक व्यक्ती संपूर्ण बाजूला ठेवावी. शिवाय एका व्यक्तीच्या छेदांत पहिले दोन थर आखलेलेच नाहीत; गटांची संख्या आखणीवरून आयती घेतली, तर नव्या ऊतीत ती कोण सांगणार?

सीमा मूळ, न मिसळलेल्या मोजणीवर पडताळावी: पाचव्या थरासाठी पीसीपी४ हे जनुक, श्वेतद्रव्यासाठी एमओबीपी हे जनुक.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. हीच पद्धत स्तनाच्या कर्करोगाच्या छेदावर वापरावी का?

उत्तर १
तिथे अधिक जपून वापरावी. गाठीत लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके कधी दोन-तीन ठिपक्यांपुरतेच असतात आणि गुळगुळीत करताना नेमके तेच पुसले जातात. २०२१ च्या स्पाजीसीएन या ग्राफ-आधारित पद्धतीप्रमाणे रंजित छेदाच्या प्रतिमेवरूनही जोडण्यांचे वजन ठरवता येते. तरी एकाच स्तराने सुरुवात करून, लहान पुंजके टिकतात का, हे रोगनिदानतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे.