मदत हवी आहे: रिव्हरला चार इस्पिक आणि समोरून नुसतं दुप्पट

पोकर खेळणारे कोणी इथे असाल तर जरा डोकं लावा.

गोकुळाष्टमीच्या रात्री आमच्या मुलुंडच्या घरी पत्ते बसतात. आधी रमी नि तीनपत्ती असायची, आता होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं असतात ते पोकर. पैसे नाहीत, प्लास्टिकच्या चिप्स. सगळ्यात जास्त हरेल त्याने उपास सुटल्यावर सगळ्यांना मिसळ द्यायची. मी पोकर शिकलो ॲपवर. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून हीच बैठक.

ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स, ५ (स्मॉल) आणि १० (बिग). बटणावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागी, मला दोन गुलाम आले, इस्पिक आणि बदाम. मी ३० केले. स्मॉल ब्लाइंडवाल्याने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडवर मामा होते, त्यांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. पॉट, म्हणजे मधली रास, ६५.

फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं: इस्पिकचा राजा, नव्वी, छक्की. तिन्ही इस्पिक बघून पोटात गोळा आला, पण इस्पिक गुलाम हातात होता. मी ३०, मामांचा कॉल. टर्नला, चौथ्या पानाला, चौकटची चव्वी, दोघांनी चेक, म्हणजे काहीच लावलं नाही. रिव्हरला, शेवटच्या पानाला, इस्पिक दुर्री. म्हणजे मला फ्लश लागला, पाच इस्पिक. मामा चेक, मी ६० लावले, आणि मामांनी चहाचा कप खाली ठेवून शांतपणे १२० केले.

माझा हिशोब असा: पॉटमध्ये ३०५, मला भरायचे ६०. सहातली एक वेळ जिंकलो तरी फिटतं. शिवाय बाहेर आठ इस्पिक उरले. त्यातले माझ्या वर फक्त एक्का नि राणी, खाली दश्शी, अठ्ठी, सत्ती, पंजी, चव्वी, तिर्री. आठातले सहा माझ्या बाजूचे! आणि खरंच राणी असती तर माणूस ३०० नसता मारला? मी कॉल केला. मामांनी इस्पिक राणी आणि बदाम नव्वी उलटी केली, वर म्हणाले, "दुप्पट चाल दिली तरी तुला भीती नाही वाटली?"

मिसळीचं दुःख नाही (आहे, नऊ प्लेटी होत्या). पण असं बारीक रेझ, म्हणजे समोरून थोडंसंच वाढवणं, आलं की वाचायचं कसं?

प्रतिसाद

सहातल्या एकाचा हिशोब बरोबर आहे. घोळ आठातल्या सहात आहे. तुम्ही मोजलीत मामांकडे असू शकतील ती पानं. मोजायला हवी होती मामा ज्यावर रेझ करतील ती पानं. टेबलावर चार इस्पिक असताना सत्ती किंवा पंजी घेऊन कोण रेझ करतो? तो गपचूप कॉल करतो नाहीतर टाकतो. ती सहा पानं गाळलीत की उरले एक्का नि राणी, आणि दोन्ही तुमच्या डोक्यावर. मग सहातली ती एक वेळ यायची कुठून? फक्त ब्लफमधून. मामा ब्लफ मारतात का?

आणि मामांचं वाक्य पुन्हा वाचा. तीनपत्तीत एका वेळी चाल फार तर दुप्पट करता येते. ज्याचा हात त्यात बसलाय त्याला दुप्पट म्हणजे शेवटची पायरी. तुम्ही त्याला बारीक म्हणालात, त्यांनी पूर्ण ताकदीने मारलं होतं. ॲपवर शिकलेला पोरगा १२० करतो त्याचा अर्थ वेगळा, तो स्वस्तात चार चिप्स काढायला बघतो, कधीकधी पोकळही असतो. तिथे तुमच्या गुलामावर मीही कॉल केला असता.

तुम्ही आधी लावलेले ६० मात्र चूक नव्हते. खालच्या इस्पिकने कॉल केला असता.

धागाकर्ता

मामा आणि ब्लफ? रमीत पहिल्याच पानाला ड्रॉप घेणारा माणूस आहे. पटलं. पण समजा माझ्याकडे गुलामाऐवजी राणी असती, आणि मामांनी असंच दुप्पट केलं असतं तर?

प्रतिसाद

भरायचे. वर एकटा एक्का उरतो, आणि मामांसारखा माणूस गुलामावरही दुप्पट करेल, कारण त्यालाही तो मोठाच वाटतो. पण भरायचे तेवढेच, उलटून रेझ करायचं नाही. त्याला कॉल देणारा बहुधा एक्काच दाखवेल.

धागाकर्ता

धन्यवाद. मामांना हा धागा दाखवणार नाहीये. गणपतीत पुन्हा बसतोय.